ढेकणांसाठी भाड्याचा माणूस

सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत एक अजब काम मिळायचं. शिक्षण नको, अवजार नको, अनुभव नको. एका खाटेवर रात्रभर पडून राहायचं आणि खाटेतल्या ढेकणांना, पिसवांना पोटभर आपलं रक्त पिऊ द्यायचं. चावे असह्य होऊन माणूस मध्यरात्रीच पळ काढेल म्हणून त्याला खाटेला बांधून ठेवत.

ही हकिकत जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याची. तो १६८९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून निघाला आणि पुढच्या वर्षी सुरतेला पोचला. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीला तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. १६९६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवलंय, की शहरातल्या वाणी लोकांनी म्हाताऱ्या, लंगड्या, आजारी जनावरांसाठी एक दवाखाना चालवला आहे आणि त्याच्याजवळच ढेकूण, पिसवा वगैरे जिवांसाठी वेगळी सोय आहे. या जिवांना दाणा-वैरण चालत नाही, रक्तच लागतं. म्हणून गरीब माणूस भाड्याने आणायचा.

पुढच्या शतकात जेम्स फोर्ब्स नावाचा कंपनीचा नोकर याच दवाखान्याचं वर्णन करतो. १७७२ च्या सुमारास तिथे घोडे, खेचरं, बैल, मेंढ्या, शेळ्या, माकडं, कोंबड्या, कबुतरं होती. एक म्हातारं कासव तिथे ७५ वर्षं राहतंय असं सांगत. आणि उंदीर, ढेकूण यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होता. रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना ठरावीक पैसे देऊन तिथे एक रात्र काढायला लावत, ही गोष्ट त्यानेही लिहिली आहे. फोर्ब्सने आधी ओव्हिंग्टनचं पुस्तक वाचलेलं असणं शक्य आहे आणि परदेशी प्रवासी तिखटमीठ लावण्यात कोणाला हार जात नाहीत. तरी जनावरांची ही पांजरपोळ खरी होती यात शंका नाही. किडामुंगीलाही जीव मानणाऱ्या जैन-वाणी समाजाची भूतदया त्यामागे होती. मला मात्र त्या खाटेवरच्या माणसाबद्दल जास्त कुतूहल वाटतं. ढेकणाची दया आली, त्याची कोणाला आली नाही.

आताच्या सुरतेत ढेकणांना माणूस भाड्याने आणून द्यावा लागत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम हा पट्टा नकाशावर गुजरातेत आहे, पण गल्लीत शिरलात तर कानावर मराठी आणि अहिराणी पडते. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं ताप्तीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरली आणि लूमखात्यात, साडीच्या मिलमध्ये, डाइंगमध्ये कामाला लागली. लूमच्या कामात बारा-बारा तासांच्या पाळ्या. जिथे खोलीचं भाडं चार-सहा जणांत वाटून घेतात, तिथे दिवसपाळीवाला उठतो आणि रात्रपाळीवाला त्याच अंथरुणावर पाठ टेकतो. ढेकूण रात्रीचा प्राणी म्हणतात खरं, पण त्याचं घड्याळ माणसाच्या झोपेवर चालतं. माणूस दिवसा झोपू लागला की ढेकूणही दिवसा बाहेर पडतो. दोन पाळ्यांच्या खोलीत त्याची पंगत उठतच नाही.

सुट्टीच्या दिवशी अशा वस्तीत एखादी खाट हमखास उन्हात उभी केलेली दिसते. सून ती फरशीवर आपटते, पट्टीच्या घड्यांतून तपकिरी ठिपके टपाटप खाली पडतात आणि पायांत जीव आल्यासारखे चहूकडे सुटतात. ओट्यावरची सासू ओरडते, "भिंतीवर चिरडू नको गं माय, वास बसतो!" मग ती उकळत्या पाण्याची किटली मागवते.

सासूबाईंचं दोन्ही बाबतींत बरोबर आहे. ढेकूण चिरडला की येणारा तो उग्र वास अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा. ती त्याची धोक्याची घंटा: एक चिरडला की बाकीचे पांगतात. कोथिंबिरीच्या पानांतही याच घराण्यातली रसायनं असतात, म्हणून काही लोकांना ताज्या कोथिंबिरीला ढेकणाचा वास येतो. आणि उकळतं पाणी हा औषधफवाऱ्यापेक्षा भरवशाचा उपाय आहे. पन्नास अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ढेकूण आणि त्याची अंडी काही मिनिटांत मरतात. फवाऱ्याचं तसं नाही. डीडीटी आलं तेव्हा ढेकणांचा काळ आला असं जगाला वाटलं होतं, पण १९४७ मध्येच हवाई बेटांवर डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले. आजकालच्या बहुतेक फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइडं त्यांनी अशीच पचवली आहेत.

हा प्राणी जरा जवळून बघण्यासारखा आहे. लांबी पाच-सहा मिलिमीटर, पंख नाहीत, उडी मारता येत नाही. उपाशी असताना कागदासारखा चपटा, म्हणून प्लगच्या फटीत, कॅलेंडरमागे, गादीच्या शिवणीत मावतो. आपला उच्छ्वास आणि अंगाची ऊब यांवरून तो माग काढतो. सोंडेत दोन नळ्या असतात. एकीतून लाळ आत सोडतो, दुसरीतून रक्त ओढतो. लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, शिवाय रक्तवाहिनी रुंद करणारा नायट्रिक ऑक्साइड वायूही असतो. पाच-दहा मिनिटांत तो फुगून लालबुंद होतो आणि आपल्या फटीत परततो. अंड्यातून बाहेर आल्यापासून मोठं होईपर्यंत तो पाच वेळा कात टाकतो आणि दर वेळी त्याआधी एकदा तरी रक्त प्यावंच लागतं. निव्वळ रक्तावर जगणाऱ्याला ब जीवनसत्त्वं मिळत नाहीत. ती त्याच्या पोटातले वोल्बाकिया जातीचे जिवाणू बनवून देतात. हे जिवाणू मारून टाकले तर ढेकणाची वाढ खुंटते आणि वंशही नीट चालत नाही, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. थंड हवेत तो काही न खाता महिनोन्‌महिने तग धरतो. खोली रिकामी ठेवून त्याला उपाशी मारू म्हणणाऱ्या भाडेकरूचंच भाडं वाया जातं.

खाटेचे पाय वाटीत ठेवण्याची आपली जुनी युक्तीही त्याला ठाऊक असावी असं वाटतं. उष्ण देशांतला ढेकूण थंड देशांतल्या ढेकणापेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर जास्त सहज चढतो, कारण त्याच्या पायांवर बारीक केसांच्या गाद्या दाट असतात. ढेकूण पकडायला बनवलेल्या गुळगुळीत वाट्या आपल्याकडच्या ढेकणाला म्हणूनच थोपवत नाहीत. वाटीत पाणी किंवा रॉकेल हवंच. बाल्कन देशांतल्या बायका आणखी एक उपाय करत. रात्री खाटेभोवती घेवड्याची पानं पसरायच्या आणि सकाळी ती जाळून टाकायच्या. ही खुळी समजूत आहे की काय, हे २०१३ मध्ये अमेरिकेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर पानांवरचे आकडीसारखे केस ढेकणाच्या पायांत अक्षरशः घुसतात आणि तो जागीच अडकतो असं दिसलं. त्या पानांची नक्कल करून कृत्रिम कापड बनवायचा प्रयत्न झाला. ढेकूण त्यात काही काळ अडकले आणि सुटले. पानाची सर आली नाही.

त्यांचा संसार तर भयंकरच. मादीला जननमार्ग असूनही नर त्याच्या वाटेला जात नाही. तो सुईसारख्या अवयवाने तिचं पोट भोसकतो आणि शुक्राणू थेट तिच्या शरीरात सोडतो. या अत्याचारावर मादीच्या शरीराने उत्क्रांतीच्या ओघात तोड काढली आहे. जिथे बहुतेक वार होतात तिथे, पोटाच्या उजव्या बाजूला, जंतुसंसर्ग रोखणारा एक खास अवयव तयार झाला आहे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत इतका कडवट विवाह दुसरा क्वचितच सापडेल.

आणि हे घराणं आपल्यापेक्षा फार जुनं. ढेकूण मूळचे वटवाघळांवर जगत आणि गुहेत राहायला आलेल्या माणसाला तिथून चिकटले, असं बरीच वर्षं मानलं जाई. २०१९ मध्ये जगभरातल्या ढेकूणवर्गीय कीटकांच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा हे कुळ दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचं निघालं, म्हणजे डायनासोरांच्या काळातलं. वटवाघळं त्यानंतर कितीतरी काळाने आली. तोवर हे ढेकूण कोणाचं रक्त पीत होते, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

ढेकणाच्या संगतीने हिरा भंगतो असं आपण म्हणतो. जगातले बहुतांश हिरे ज्या शहरात पैलू पाडून घेतात, त्या शहराने तरी ही म्हण खोटी पाडली आहे. ढेकणाच्या बाजूने एवढंच सांगता येईल, की तो खाज देतो, झोप घालवतो, पण माणसाला कुठला रोग देतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. पांजरपोळीतल्या त्याच्या शेजारणीबद्दल, पिसूबद्दल, असं म्हणता येत नाही.

पिसू दोन-तीन मिलिमीटरची. ढेकूण वरून चपटा, पिसू दोन्ही बाजूंनी चपटी, म्हणून केसांच्या जंगलात ती सरळ घुसते. अंगावरचे राठ केस मागे वळलेले, त्यामुळे ओढून काढायला गेलं तर अडकते. उंदरावरची पिसू साधारण दहा सेंटिमीटर उंच उडते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट. जमीन सोडायला तिला लागतो सेकंदाचा हजारावा भाग आणि त्या क्षणी तिच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपटीहून जास्त जोर येतो. रॉकेटमधल्या अंतराळवीराला तीन-चार पट सोसताना घाम फुटतो. कुठलाही स्नायू इतक्या वेगाने आकसू शकत नाही. पिसू आधी सावकाश ताण भरून ठेवते. छातीत रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते, ती दाबून कुलूपबंद करते आणि मग कुलूप एकदम सोडते. हा जोर पायाच्या कुठल्या भागातून जमिनीवर पडतो, यावर १९६०-७० च्या दशकांपासून वाद होता. एक पक्ष म्हणे गुडघ्यासारख्या सांध्यातून, दुसरा म्हणे पावलातून. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा लावून २०११ मध्ये निकाल दिला: पावलातून.

तिचं बालपण आणखी विचित्र. अळी रक्त पीत नाही. ती मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं सुकलेलं रक्त खाते. मग कोष करून त्यात पूर्ण वाढलेली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकते. जमीन हादरली, ऊब जाणवली, कोणी श्वास सोडला, की बाहेर. बंद घराचं कुलूप काढून आत पाऊल टाकताच शेकडो पिसवा पायांवर तुटून पडतात, त्याचं कारण हे.

याच प्राण्याने मराठी मुलखाचा एक अख्खा कालखंड काळा केला. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. काही महिन्यांतच तो पुण्यात पोचला. १० मार्च १८९७ ला रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. २२ जूनला पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोरे सोजीर घरात घुसून बिछाने जाळत होते, देव्हारे उपसत होते, बायामाणसांना रस्त्यावर आणून तपासत होते. उंदराच्या अंगावर बसलेल्या पिसूकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. पॉल-लुई सिमों हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत प्लेगवर काम करून पुढे कराचीला गेला. जून १८९८ मध्ये त्याने काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांसकट एक प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि त्याच्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता. पिसू मात्र उडी मारू शकत होती. वरचा उंदीरही मेला. त्याच्या निष्कर्षाला बरीच वर्षं कोणी किंमत दिली नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने पुन्हा प्रयोग केले, तेव्हा कुठे ते मान्य झालं.

पिसू रोग देते कशी, हे १९१४ मध्ये उलगडलं. प्लेगचे जिवाणू तिच्या जठराच्या तोंडाशी वाढून बोळा बनवतात. मग कितीही रक्त ओढलं तरी पोटात उतरत नाही. भुकेने वेडी झालेली पिसू पुन:पुन्हा चावते आणि अडकलेलं रक्त जिवाणूंसह उलट जखमेत जातं. माणूस आजारी पडतो, उंदीर मरतो, पिसूही उपासमारीने मरते. या रोगात गुन्हेगार समजली गेलेली पिसू स्वतःच बळी आहे.

सुरतेचं नाव प्लेगशी पुन्हा जोडलं गेलं ते १९९४ मध्ये, आणि त्या कथेचं पहिलं टोक मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक पडक्या, तडकलेल्या घरांतून बाहेर राहू लागले. धान्य घरातच राहिलं. उंदरांची चंगळ झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास वाढला आणि पाठोपाठ गाठीचा प्लेग दिसला. सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतर काही दिवसांतच, सुरतेत वेड रोड भागातून रुग्ण येऊ लागले. मूषकवाहनाला निरोप देऊन लोक घरी परततात तोच ही बातमी. सुरतेतला प्लेग फुप्फुसाचा होता. तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो, पिसूची मध्यस्थी लागत नाही. पन्नासहून अधिक माणसं दगावली. लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीने शहर सोडलं, कामगारवस्त्या ओस पडल्या, दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं. हा खरोखर प्लेगच होता का, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांमधल्या जिवाणूंचा डीएनए तपासून तो प्लेगच होता असं दाखवलं.

त्यानंतर एस. आर. राव हे महापालिका आयुक्त आले आणि त्यांनी शहर इतकं घासून काढलं, की १९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेच्या पाहणीत चंदीगढनंतर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सुरतेचा नंबर लागला. उंदीर अर्थातच राहिले. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भात आणि उसाच्या शेतांत लेप्टोस्पायरोसिस डोकं वर काढतो, तो मुख्यतः त्यांच्याच कृपेने. जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात सुखाने राहतात, उंदराला काही होत नाही. त्याच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यात जखमेचा पाय बुडाला की भोगतो शेतमजूर.

हाच उंदीर हसतो, हे सांगितलं तर किती जणांना पटेल? अमेरिकेतले याक पँकसेप १९९० च्या दशकात उंदरांना गुदगुल्या करत बसले होते. आपल्या कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्राने मात्र ५० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा चिवचिवाट टिपला. मानवी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्‌झ. गुदगुल्या करणारा हात मागे घेतला की उंदीर त्या हातामागे धावत. २०११ मध्ये शिकागोत एका उंदराला नळीत कोंडलं आणि दुसऱ्याला मोकळं ठेवलं. मोकळा उंदीर खटपट करून दार उघडायला शिकला. शेजारी चॉकलेट ठेवलं तरी त्याने सोबत्याला सोडवलं आणि कित्येकदा खाऊही वाटून घेतला. २०१९ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी उंदरांना लपंडाव शिकवला. राज्य असलेले उंदीर शोधताना चिवचिवत, लपलेले मात्र तोंड मिटून बसत.

उंदराला ओकता येत नाही. विषारी काही पोटात गेलं की गेलं. म्हणून तो भलता शंकेखोर: नवा पदार्थ दिसला की आधी जरासा कुरतडतो, थांबतो, काही बिघडलं नाही तरच पुढे खातो. झटपट मारणारं विष त्यामुळे फसतं. जरासं खाऊन आजारी पडलेला आणि वाचलेला उंदीर पुन्हा त्या घासाला तोंड लावत नाही. मारायचं तर इतकं सावकाश, की उंदराला खाण्याचा आणि मरणाचा संबंधच लागू नये.

असं विष सापडलं ते गाईंमुळे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन बर्फाच्या वादळातून विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल पॉल लिंक यांनी काही वर्षं खपून त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच्या धर्तीवर बनवलेलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर दिवसेंदिवस खातो आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. १९५१ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एका रंगरुटाने जीव द्यायला ते भरपूर खाल्लं आणि उपचारांनी पूर्ण बरा झाला. माणसाला ते झेपतं, मात्रा हाताळता येते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना वॉर्फरिनच दिलं.

हृदयाची झडप बदललेल्या अनेकांच्या चिठ्ठीवर आजही हे नाव असतं. नवागामात असो की नंदुरबारात, ही गोळी घेणाऱ्याला दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवून घ्यावी लागते, कारण मात्रा थोडी चढली तरी त्याच्या शरीरात तेच घडू लागतं जे उंदराच्या शरीरात घडावं म्हणून ती बनवली होती.